तिसऱ्या पाळीची झोप

घाटकोपरच्या भटवाडीत डोंगराला टेकून जी घरं वर चढत गेली आहेत, त्यांच्यावरून विमानं इतकी खालून जातात की नवखा माणूस आपोआप मान खाली घालतो. दशरथकाका गवस मान खाली घालत नसत. विमान आलं की ते बोलायचे थांबत आणि गेलं की राहिलेलं वाक्य जिथल्या तिथून उचलत. दिवसातून शे-सव्वाशे वेळा असं होई, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकायला जरा सवड लागायची.

काका ‘सांगाती’ नावाच्या एका लहानशा संस्थेत कामाला होते. दार उघडायचं, केर काढायचा, पाणी भरायचं, आठ कॉम्प्युटरांवरची धूळ पुसायची. पगार नऊ हजार. संस्था वस्तीतल्या तरुण मुलामुलींसाठी होती. कॉम्प्युटरचा क्लास, नोकरीचे अर्ज, परीक्षेच्या फीला थोडी मदत, आणि कुणाला मनातलं बोलायचं असेल तर ऐकून घेणारं माणूस. विमा कंपनीतून निवृत्त झालेले मुलुंडचे श्यामसुंदर कर्णिक तिचे खजिनदार होते, आणि बाकीचे विश्वस्त फक्त सहीपुरते असल्यामुळे सगळं काही तेच होते. क्लास मानसी मॅडम घेत. एक औषध कंपनी वर्षाला सहा लाख रुपये देई. त्यातून दोन खोल्यांचं भाडं, दोन पगार आणि वीजबिल निघे.

काकांचं वय सदुसष्ट. अठराव्या वर्षी कुडाळकडच्या गावातून परळला आले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. बदलीवाल्याच्या वाट्याला बहुतेक तिसरी पाळी यायची, म्हणजे रात्रभर जागरण. संपात गिरणी गेली, तेव्हा मरोळच्या कारखान्यांच्या गाळ्यांवर रात्रीचे वॉचमन झाले ते थेट म्हातारे होईपर्यंत. चाळीसेक वर्षं मुंबई झोपली आणि काका जागे राहिले. दिवसा झोपायचं तर घर दहा बाय दहाचं. त्यात बायकोचा, म्हणजे शेवंतीकाकूंचा, स्टोव्ह, मुलांचे पाढे, शेजारच्यांचा टीव्ही. झोप त्यांना प्रसादासारखी मिळाली, चिमटीचिमटीने.

म्हणूनच बहुधा नितेशची गोष्ट त्यांच्या आधी लक्षात आली.

नितेश विमानतळावर रात्रीचा माल चढवायचा आणि सकाळी अकराला क्लासला यायचा. एक दिवस तो टायपिंग करता करता कीबोर्डावरच झोपला. गालाखाली ‘ळ’ दाबला गेला होता. पडद्यावर ळळळळळ अशा ओळीच्या ओळी उमटत होत्या, पानामागून पान सरत होतं. मानसी मॅडम त्याला हलवायला निघाल्या, तर काका केरसुणी हातात घेऊन आडवे आले.

“मॅडम, ह्याला आता कॉम्प्युटर नको. झोप हवीय.”

“अहो काका, पण क्लास...”

“उद्या शिकेल की. गाल तरी उचलू दे त्याला.”

आतल्या खोलीत जुने बॅनर आणि मोडक्या खुर्च्या पडून होत्या. काकांनी त्या भिंतीला लावल्या, बॅनर अंथरले, वर आपली चटई टाकली. नितेश झोपेतच चालत आला आणि आडवा झाला.

“कधी उठवू रे?” काकांनी विचारलं.

“साडेचार,” तो डोळे मिटूनच म्हणाला. “पाचला घरी पाणी येतं.”

साडेचारला काकांनी त्याच्या तळपायाला हात लावला. नितेश उठून बसला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. “काका,” तो म्हणाला, “मला स्वप्न पडलं. कित्येक महिन्यांत पडलं नव्हतं.” काय पडलं ते काही त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो सुशांतला घेऊन आला. सुशांत अंधेरीला कॉल सेंटरात होता. रात्रभर परदेशातल्या माणसांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचा आणि सकाळी मेट्रोने परत यायचा. मग ऋतिका आली. ती एका खाजगी रुग्णालयात रात्रपाळीची आया होती. तिच्यासाठी काकांनी पुस्तकांची दोन कपाटं आडवी लावून कोपरा केला. त्या कोपऱ्यात आणखी तिघी आल्या. दिवाळीपर्यंत अकरा जण झाले. सगळ्यांची तऱ्हा एकच. काम रात्रीचं, घर दिवसा भरलेलं, आणि वय असं की ‘मला झोप पुरत नाही’ म्हणायची लाज वाटावी.

काकांनी शंभर पानी वही घातली. त्यात नाव, येण्याची वेळ आणि कधी उठवायचं ते लिहायचं. शेवटच्या रकान्यात कसं उठवायचं ते. नितेशला तळपाय. सुशांतचा पंखा बंद केला की तो आपोआप उठे. ऋतिकाला नावाने दोनदा हाक, तिसऱ्यांदा मारली तर ती दचकायची.

दुपारी एक ते तीन ही त्या खोलीची खरी वेळ. खिडक्यांना जुन्या चादरी लावलेल्या असत. त्यांतून येणारं ऊन गढूळ पाण्यासारखं जमिनीवर साचायचं. विमान गेलं की छतावरून एक सावली सरकायची, माशासारखी. काका दारात स्टुलावर बसत. अकरा जणांचे श्वास आधी वेगवेगळे असत, मग हळूहळू एका लयीत यायचे, आणि काकांना वाटायचं आपण होडीत बसलोय. होडी वल्ह्याशिवाय चाललीय. डोंगरावरून निघून खाली स्टेशन, मेट्रोचे खांब, कांजूरची मिठागरं ओलांडून ती खाडीला लागलीय, आणि आतल्या कुणालाच त्याचा पत्ता नाही. झोपेत सगळे चेहरे सारखे होत. सुशांतच्या कपाळावरची आठी निघून जायची. नितेश सात वर्षांचा दिसायचा.

कधी त्यांना परळची खोली आठवायची. गावच्या मंडळींनी वर्गणीने घेतलेली ती खोली. भिंतीकडेने तीस ट्रंका. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच्याच चटईवर तिसऱ्या पाळीचा येऊन पडे, आणि चटईत आधीच्याची ऊब असे. दशरथ त्या उबेत झोपायचा तेव्हा त्याला गावची पायवाट दिसायची, पण ती त्याची नसायची. त्याला वाटायचं, हे आधी झोपलेल्याचं स्वप्न आहे, चटईत राहून गेलेलं.

शेवंतीकाकूंना हे सगळं चमत्कारिक वाटे. “जन्मभर सोता झोपूक नाय, आता दुसऱ्यांक झोपवतास,” त्या म्हणायच्या. “ह्याचो पगार देतत तुमका?”

प्रश्न रास्त होता. पगार कॉम्प्युटरसाठी येत होता.

जानेवारीत औषध कंपनीकडून गार्गी साने नावाची तरुण अधिकारी काम बघायला आली. कर्णिकसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून हजर होते. मानसी मॅडमनी हजेरीपट पुढे केला, चाळीस नावं. गार्गीने मान डोलावली. बाहेरच्या खोलीत चौदा मुलं बसली होती. ती काही विचारणार, एवढ्यात आतून स्पष्ट आवाज आला, “नऊ नंबरचं सलाईन संपत आलंय हो.”

ऋतिका झोपेत बोलायची.

“आत कोण आहे?” गार्गीने विचारलं.

मानसी मॅडम कर्णिकसाहेबांकडे बघू लागल्या, कर्णिकसाहेब काकांकडे. काका म्हणाले, “मुलं आहेत, ताई. झोपलीत. चपला काढून या.”

गार्गी चपला काढून आत गेली आणि दाराशी उभी राहिली. विमान आलं, सावली छतावरून गेली. चांगली पाच-सात मिनिटं ती तशीच उभी होती. बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता.

“काका, हे खूप चांगलं आहे,” ती म्हणाली. “पण खोटं नाही बोलणार. आमच्या फॉर्ममध्ये ह्याला रकाना नाही. किती जण शिकले, किती जणांना नोकरी लागली, एवढंच विचारतात. ह्यांना तर नोकऱ्या आधीच आहेत.”

“नोकरी आहे म्हणूनच झोप नाही,” काका म्हणाले.

“कळतंय मला.” तिने चपला घातल्या. “महिनाअखेर मला आकडे लागतील, सर. नीट आकडे.”

ती गेल्यावर कर्णिकसाहेबांनी हजेरीपट उघडला. चाळीसपैकी कितीतरी नावांपुढे ‘हजर’ होतं, आणि ती मुलं महिनोन्महिने कीबोर्डाला शिवली नव्हती. मानसी मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. “सर, ती येत तर होती,” त्या म्हणाल्या. “रोज येत होती. मी गैरहजर कशी लावू? काही तर येईनाशीच झाली, पण नाव कापलं असतं तर अनुदान कापलं असतं.”

कर्णिकसाहेब रागावले नाहीत. ते खुर्चीत बसून राहिले, आणि त्यांचा इस्त्रीचा शर्ट हळूहळू चुरगळत गेला. मग म्हणाले, “दशरथ, तुमच्याकडे काहीतरी वही आहे ना?”

काकांनी शंभर पानी वही आणून दिली. कर्णिकसाहेब पान पान वाचत गेले. कोण कधी आलं, कोण किती तास झोपलं, कोण आजारी पडून घरी गेलं, कोण आठवडाभर आलंच नाही. एका पानावर ते थांबले. “‘सुशांत. पंखा. आज उठवू नये, बाप वारल्याला तेरावा दिवस.’ हे तुम्ही लिहिलंत?”

“त्याला त्या दिवशी सुट्टी होती, साहेब. म्हटलं झोपू दे.”

“आख्ख्या संस्थेत खरा हिशेब एवढाच आहे,” कर्णिकसाहेब म्हणाले.

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. शिकणारे चौदा, झोपणारे अकरा, बाकीची नावं चुकीने राहिली, चूक आमची. खर्च न झालेले एक लाख चाळीस हजार त्यांनी परत पाठवले. बाकीच्या विश्वस्तांपैकी एकाने फोनवर विचारलं, “श्याम, तू वेडा आहेस का रे?” कर्णिकसाहेब म्हणाले, “असेन. पण आता मला रात्री झोप लागेल.” गार्गीचं उत्तर आलं, चांगल्या शब्दांत. पुढच्या वर्षीचं अनुदान मिळणार नव्हतं.

मार्चअखेर खोल्या सोडायच्या ठरल्या. कॉम्प्युटर एका रात्रशाळेला दिले. मानसी मॅडमना मुलुंडला दुसरी नोकरी मिळाली. जाताना त्या म्हणाल्या, शनिवारी येऊन अर्ज भरून देत जाईन, कुठे बसायचं तेवढं कळवा. शेवटच्या दिवशी काकांनी अकरा जणांना वेळेवर उठवलं. आपापली चादर घडी करून मुलं जिना उतरून गेली, आणि रिकाम्या खोलीत ऊन एकटंच पडून राहिलं.

काका आठवडाभर घरी बसले. दुपारी दार उघडं टाकून गल्लीकडे बघत राहत. एकदा नितेश समोरून गेला, डोळे लाल, पाय ओढत. तो थांबला, हसला आणि पुढे गेला. त्या संध्याकाळी काकांनी शर्ट चढवला.

“खय चाललास?” शेवंतीकाकूंनी विचारलं.

“मंडळात.”

काकांच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची भटवाडीतच एक लांबट खोली होती. परळची खोली विकून आलेल्या पैशांतून घेतलेली. रविवारी बैठक, वर्षातून एक पूजा आणि मे महिन्यात नाटक. एरवी कुलूप. अध्यक्ष नंदकुमार, काकांहून दहा वर्षांनी लहान, केबलच्या धंद्यात बरा स्थिरावलेला.

“झोपायला खोली?” नंदकुमार म्हणाला. “दशरथदादा, लोक काय म्हणतील? मंडळाची खोली आणि आत दिवसाढवळ्या पोरंपोरी झोपलेली.”

“मी दारात बसेन.”

“आणि गावची तरी आहेत का ती? कोण कुठली.”

काका थोडा वेळ गप्प राहिले. विमान वगैरे काही आलेलं नव्हतं. “नंदू,” ते म्हणाले, “तुझा बाप परळला आला तेव्हा त्याची ट्रंक माझ्या उशाशी होती. सात महिने त्याला काम नव्हतं. सात महिने खोलीने त्याला जेवायला घातलं, झोपायला जागा दिली. मंडळाचा नियमच होता तो. ज्याचा पगार झाला त्याने द्यायचं, ज्याचा नाही झाला त्याला विचारायचं नाही. त्याने कधी सांगितलं नाही तुला?”

“नाही,” नंदकुमार म्हणाला. मग बराच वेळ त्याने किल्ल्यांचा जुडगा बोटांत फिरवला. “सोमवार ते शनिवार. सकाळी आठ ते पाच. लाइटबिल तुमचं. रविवार आमचा. आणि नाटकाच्या पडद्यांना हात लावायचा नाही.”

कर्णिकसाहेब मुलुंडहून कागद घेऊन आले. मंडळाचा नियम त्यांनी दोनदा ऐकला. “म्हणजे पेटी ठेवायची, आणि ज्याने त्याने आपलं आपण टाकायचं? दशरथ, पावतीचं काय? कायद्याने पावती लागते.”

“पावती द्या की, साहेब. पण कुणी किती दिले त्याची यादी भिंतीवर लावू नका.”

“का?”

“न देणाऱ्याला झोप लागायची नाही.”

कर्णिकसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. त्यानंतर यादीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मुलुंडमधल्या आपल्या ओळखीच्या चौदा घरांत ते स्वतः गेले आणि महिना पाचशे रुपये मागून आले. ‘कशासाठी?’ असं विचारल्यावर ते सरळ ‘झोपेसाठी’ म्हणत. दोघांनी दार लावून घेतलं, बारांनी दिले. पहिल्या महिन्यात पेटीत तीन हजार तीनशे पन्नास निघाले. वीजबिल गेलं, चटया आल्या, आणि काकांना नवाऐवजी चार हजार पगार. दुसऱ्या दिवशी शेवंतीकाकूंनी स्वतःच्या दोन जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून दिल्या.

पडद्यांना मात्र हात लावावाच लागला. खोली एकच होती, लांबट, आणि मुलींना आडोसा हवा होता. नंदकुमार स्वतः बघायला आला तेव्हा ऋतिका दाराशी चप्पल घालून उभी होती. “मी इथे नाही झोपू शकत, काका,” ती म्हणत होती. “सगळ्यांच्या समोर कशी?” नंदकुमारने ते ऐकलं, डोकं खाजवलं, आणि माळ्यावरून बांबूला गुंडाळलेले पडदे स्वतःच उतरवले.

तीन पडदे होते, हाताने रंगवलेले, जुने. राजवाड्याचा पडदा मुलींकडे लागला. जंगलाचा मुलांकडे. रस्त्याचा दारासमोर, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला आधी एक रंगवलेला रस्ता लागे, दूर टेकडीपर्यंत गेलेला, आणि पडदा बाजूला सारून तो झोपेत शिरे.

दुपारच्या उन्हात जंगल हिरवं दिसायचं नाही, निळं दिसायचं. पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलला की झाडं श्वास घेत. नितेश म्हणायचा, जाग आल्यावर पहिलं मिनिटभर आपण कुठे आहोत ते कळत नाही, आणि ते मिनिट सगळ्यात भारी. राजवाड्यात पाच मुली झोपायच्या, खांबांच्या आणि झुंबरांच्या खाली, आणि रात्रभर दुसऱ्यांची उष्टी ताटं उचललेले त्यांचे हात गोधडीवर राण्यांसारखे पडलेले असत. काका रस्त्याच्या पडद्याआड स्टुलावर बसत. कधी त्यांना वाटायचं, ह्या रस्त्यावरून परळचे ते तीस जण येतायत, एकामागे एक, तिसरी पाळी सुटल्यासारखे, केसांत कापूस अडकलेला. ते आत येतात, रिकामी चटई बघून आडवे होतात, आणि कुणालाही न उठवता मुलांमधून निघून जातात.

वर्ष असं गेलं. झोपणारे एकोणीस झाले. सुशांतला दिवसपाळी मिळाली, तरी तो महिन्याला येऊन पेटीत काहीतरी टाकून जाई. ऋतिकाने नर्सिंगला अर्ज केला, शनिवारी मानसी मॅडमनी तो भरून दिला. तिची पहिली फी सांगातीने दिली, तेव्हा वर्षाच्या शिलकीत दोनशे दहा रुपये उरले. कर्णिकसाहेबांनी अहवालात ‘कार्य’ ह्या शब्दापुढे फक्त ‘झोप’ लिहिलं, आणि हिशेबतपासनिसाने फोन करून विचारलं की टायपिंगची चूक आहे का. “नाही हो,” ते म्हणाले.

मे महिन्यात मंडळाचं नाटक होतं. शनिवारी संध्याकाळी नंदकुमारची माणसं आली आणि पडदे उतरवून घेऊन गेली. नाटक रविवारी झालं. सोमवारी टेम्पो कुठेतरी अडकला आणि पडदे परत आले नाहीत.

सकाळी मुलं येऊ लागली. दारात रस्ता नव्हता. आत चार भिंती, एक ट्यूबलाइट आणि देवाचा फोटो. ऋतिकासाठी काकांनी दोरीवर चादरी टाकल्या, पण ती आडवी झालीच नाही. नितेश चटईवर बसून राहिला. बाराच्या सुमाराला एकोणीस जण भिंतींना पाठी टेकून बसले होते, सगळे जागे.

आणि मग काकांच्या ध्यानात आलं की ही मुलं एकमेकांना ओळखतच नाहीत. वर्षभर शेजारी शेजारी झोपली, पण कुणी आलं की बाकीचे झोपलेले असत आणि जाताना अर्धे उठलेले नसत.

“तू घोरतोस ना?” एका मुलीने नितेशला विचारलं, हळूच, कारण ह्या खोलीत मोठ्याने बोलायची कुणाला सवय नव्हती.

“मी? नाही. तो घोरतो.”

“मी कुठे?” तिसरा म्हणाला. “अबे, मी तर नुसता जोरात श्वास घेतो.”

कुणीतरी हसलं. मग नावं सांगणं सुरू झालं. कुणी कुठे कामाला, कुणाचं घर कुठे. एक जण विमानतळावर नितेशच्याच शेडमध्ये होता, पलीकडच्या दाराला. दोघांनी एकमेकांना रोज बघितलं होतं, डोळे मिटलेले. ऋतिकाने सांगितलं की तिला झोपेत बोलायची सवय आहे, तर चौघे एकदम म्हणाले, “माहितेय.” ती लाजली आणि मग स्वतःच हसायला लागली.

काकांनी मंडळाचा मोठा टोप उतरवला आणि एकोणीस जणांचा चहा ठेवला. आत कुजबुज चालू होती, एकसारखी. वरून विमान गेलं, कुजबुज थांबली, आणि विमान गेल्यावर तिथूनच पुढे सुरू झाली. साखर कमी पडतेय की काय ते बघायला काका डबा हलवू लागले.